इकडचं-तिकडचं : निरगाठ, सुरगाठ आणि क्लिप



गेल्या अंकात आम्ही कुंडीतल्या कढीपत्त्याला जर्मनीचा हिवाळा कसा सोसवावा यावर दोन पानं लिहिली होती. त्यावर पाच फोन आले. त्यांतले चार "तुमचं वाचून तसंच केलं, कढीपत्ता गेला" असं सांगणारे होते. तेव्हा या वेळी झाडाझुडपांच्या वाटेला न जाता आम्ही पाण्याकडे वळलो आहोत. विषय असा की, मासे धरायच्या गळाला दोरा गाठीनं बांधावा की क्लिपनं अडकवावा. शाकाहारी मंडळींनी पान उलटून थेट शब्दकोड्याकडे गेलं तरी आमची हरकत नाही, पण जाऊ नये ही विनंती. कारण या लेखात मासा फार थोडा वेळ येतो आणि आला तरी बहुतेक वेळा सुटून जातो.

आम्ही मूळचे मालवणकडचे. खाडीच्या काठावर बसून गरी टाकायची, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत 'गरवायचं', हे आम्ही पोहण्याच्या आधी शिकलो. बांबूची काठी, काठीला दोरी, दोरीला गरी, गरीला कोळंबीचा तुकडा. गाठ कोणती मारायची हे कोणी शिकवलं नाही. काका मारायचे ती गाठ. सुटली तर काका ओरडायचे, नाही सुटली तर दुपारच्या जेवणात मासा असायचा. याला परवाना लागतो, परीक्षा द्यावी लागते, हे आम्हाला १९८६ साली एर्लांगेनला आल्यावर कळलं. पहिल्याच उन्हाळ्यात कालव्याच्या काठी काठी घेऊन बसलो, तर सायकलवरून जाणारे एक गृहस्थ थांबले आणि अतिशय सभ्यपणे "शाइन आहे का?" असं विचारते झाले. आम्हाला वाटलं, सूर्यप्रकाशाबद्दल बोलताहेत. आम्ही आकाशाकडे बघून "हो, आज छान आहे" म्हणालो. शाइन म्हणजे परवाना, हे त्यांनी पुढची दहा मिनिटं समजावून सांगितलं.

त्या काळी बायर्नमध्ये ही मासेमारीची परीक्षा वर्षातून एकदाच, मार्चमध्ये व्हायची. आता संगणकावर होते आणि तारखाही पुष्कळ असतात. पण आधी किमान तीस तासांचा वर्ग करावाच लागतो आणि साठ प्रश्नांपैकी पंचेचाळीस बरोबर यावे लागतात. आम्ही १९९४ साली बसलो. पुण्याला इंजिनिअरिंग करताना जेवढी जागरणं केली नव्हती तेवढी रोटआउगे आणि रोटफेडर या दोन माशांमधला फरक लक्षात ठेवायला केली. दोन्ही लाल, दोन्ही सारखे, आणि दोन्ही आमच्या सौ.च्या मते "काटेरी, टाकून द्यावे असे". पास झालो. पेढे वाटले. शेजारच्या गृहस्थांना पेढा दिला तेव्हा त्यांनी कारण विचारलं, आणि तिथून ही पुढची सगळी कथा सुरू झाली.

हे शेजारी आमच्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठे. मुलांनी त्यांचं नाव पाडलं 'नाखबार-आजोबा'. नाखबार म्हणजे शेजारी; म्हणजे अर्थ पाहू गेलं तर 'शेजारी-आजोबा', पण मुलांना ते त्यांचं आडनाव वाटायचं आणि त्यांनाही ते आवडायचं. पेढा खाऊन ते म्हणाले, "परीक्षा पास होणं वेगळं आणि मासा धरणं वेगळं. रविवारी वीझेंटवर चल."

वीझेंट ही फ्रांकनच्या डोंगराळ भागातली नदी. फोर्खहाइमजवळ रेग्निट्सला मिळते. एबरमानश्टाट, श्ट्राइटबेर्ग, मुग्गेनडोर्फ अशी गावं तिच्या काठानं लागतात, वर चुनखडीचे सुळके, खाली थंड स्वच्छ पाणी. ज्यांनी उन्हाळी सहलीत तिथं होडकी वल्हवली असतील त्यांना आठवेल. तिच्यात बाखफोरेले, म्हणजे तपकिरी ट्राउट, आणि एशे हा मोठ्या पंखाचा मासा. आणि इथं कोळंबीचा तुकडा, गांडूळ असलं काही चालत नाही. इथं लागते माशी. मासा धरायला माशी! आमच्या कोकणी मेंदूला हे पचायला वेळ लागला.

ही माशी खरी नसते. बारीक गळावर पिसं, ससाण्याची नव्हे सशाची लव, रेशमी धागा गुंडाळून पाण्यावरच्या किड्यासारखी बाहुली करतात. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत वीझेंटवर माइफ्लीगे नावाचा मोठा किडा निघतो. दोन वर्षं बिचारा तळाच्या गाळात काढतो आणि पंख फुटले की जेमतेम दोन-चार दिवस जगतो. त्यातही काही खात नाही, खायला तोंडच धड नसतं. पण त्या दिवसांत मासे मात्र सणासारखे जेवतात. बाकीच्या महिन्यांत मासे कधी काळा किडा, कधी करडा, कधी पाण्याखालची अळी, असे नखरे करतात. आपण लावलेली माशी त्यांना पसंत नसली की बदलावी लागते. दुपारभरात दहादा. कुठं माशी शिंकली हे कळायच्या आत ती बदलायची, असा हा खेळ आहे.

आणि बदलायची म्हणजे दर वेळी जुनी कापायची, नवी बांधायची. इथं गाठ येते. दोरा केवढा, तर शून्य पूर्णांक पंधरा शतांश मिलिमीटर. (इंग्रजी मापात त्याला ५ एक्स म्हणतात. अकरामधून एक्सचा आकडा वजा केला की उरतील तितके हजारांश इंच. इंजिनिअर वाचकांसाठी.) तो दोरा गळाच्या नेढ्यातून ओवायचा, स्वतःभोवतीच पाच वेढे द्यायचे, टोक मागे आणून नेढ्याजवळच्या फटीतून काढायचं, मग थुंकी लावून ओला करायचा आणि सावकाश आवळायचा. थुंकी का, तर कोरडा दोरा ओढला की घर्षणानं तापतो आणि तिथंच कमजोर होतो. सौ. पहिल्यांदा आल्या होत्या तेव्हा हे बघून म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही माशाला उष्टं घालता!"

आपल्या भाषेत गाठींची दोन घराणी आहेत. ओढली की सुटते ती सुरगाठ आणि ओढली की आवळते ती निरगाठ. नाखबार-आजोबांचा जीव या निरगाठीवर होता. त्यांच्या लेखी मासेमारी म्हणजे गाठ. काठी, नदी, मासा हे सगळं तिच्या अवतीभवती. पहिला सबंध रविवार त्यांनी आम्हाला पाण्यात पाऊलही टाकू दिलं नाही. काठावरच्या बाकावर बसवून चाळीस गाठी मारून घेतल्या. प्रत्येक गाठ दोन्ही हातांनी ओढून बघायचे. सुटली की नुसतं माझ्या तोंडाकडे बघायचे. (आम्ही 'माझ्या' लिहून गेलो, त्या बघण्यापुढे 'आम्ही' टिकत नसे.) दुकानात एकदा त्यांना इवलीशी तारेची क्लिप दाखवली. दोऱ्याच्या टोकाला ती एकदाच बांधायची आणि मग माश्या नुसत्या अडकवायच्या-काढायच्या, मंगळसूत्राच्या आकड्यासारख्या. आजोबांनी ती बोटावर घेतली, परत ठेवली आणि म्हणाले, "ज्याला गाठ येत नाही त्यानं बागेत गुलाब लावावेत."

आम्ही पंचवीसहून अधिक वर्षं गाठच मारली. मारली म्हणजे काय, मिरवली. मंडळाच्या सहलीत मुलांना गाठी शिकवल्या. क्लिपवाल्यांना आम्हीही गुलाब लावायला सांगितलं.

मग दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात आम्हाला पक्षाघाताचा लहानसा झटका आला. फार मोठं काही नाही. बोलणं दोन दिवसांत सुधारलं, चालणं महिन्यात. राहिलं ते उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी. हलतात, पण त्यांना काही कळत नाही. वरणाची वाटी गरम आहे की गार हे डाव्या हातानं बघावं लागतं. सदऱ्याचं वरचं बटण सौ. लावतात. हे सगळं आम्ही हसून सांगत असू. पण मार्च उजाडला, ट्राउटचा बंदीकाळ संपला (बायर्नमध्ये तो १ ऑक्टोबर ते २८ फेब्रुवारी), आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोरा काढून बसलो आणि एक गाठ मारायला पस्तीस मिनिटं लागली. दोरा बोटांत आहे की निसटला हेच कळेना. डोळे सांगत होते, आहे, बोटं गप्प. शेवटी आवळली आणि ओढली तर सुटली. आम्ही डबा बंद करून माळ्यावर ठेवला आणि सौ.ना सांगितलं की या वर्षी कंटाळा आलाय, पुष्कळ झाली मासेमारी.

सौ. काही बोलल्या नाहीत. आठवड्यानं टपालानं एक पाकीट आलं. त्यात क्लिपांची पुडी.

"हे मला चालणार नाही," आम्ही म्हणालो.

"का?"

"परंपरा म्हणून काही असते."

"असं? लेंग्याची नाडी काढून इलॅस्टिक घातलंत तेव्हा कुठं होती परंपरा? गणपतीत फेटा कोण बांधतं तुम्हाला? तयार मिळतो तो टोपीसारखा डोक्यावर ठेवता. मीसुद्धा शिवलेली नऊवारी घालते. मंगळागौरीला आम्ही सोळाजणी होतो, त्यांतल्या चौदा शिवलेल्या. पण फुगडीत गिरकी खरीच मारली ना?"

"अगं, पण आजोबा काय म्हणतील?"

"त्यांना कशाला सांगायचं?"

हा मुद्दा बिनतोड होता.

आम्ही मग स्वतःच्या समाधानासाठी थोडं वाचन केलं. मनुष्याला आपल्याला हवं ते करायला शास्त्राधार लागतो. तर वाचकहो, गंमत अशी निघाली की ही गाठीची 'परंपरा' म्हणावी तितकी जुनी नाही. पिसांचे गळ जुने आहेत. टेगर्नझेच्या बेनेडिक्टीन मठातल्या साधूंनी इ. स. १५००च्या सुमारास कोणत्या मासिक काळात कोणत्या रंगाची पिसं लावावीत याची हस्तलिखित यादीच करून ठेवली आहे. (उपासाला मटण चालत नसे, मासा चालत असे. आपल्याकडे साबुदाणा, त्यांच्याकडे ट्राउट.) पण कित्येक पिढ्या त्या बारीक गळांना नेढंच नसे. रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीतून ओढून काढलेली तात गळाच्या दांड्यावरच धाग्यानं पक्की करत आणि तिच्या दुसऱ्या टोकाला फास ठेवत. माशी बदलायची म्हणजे फासात फास अडकवायचा. नदीवर, थंडीत, पाच वेढ्यांची गाठ कोणी मारत बसत नसे! ट्राउटच्या बारीक माश्यांना नेढ्याचे गळ इंग्लंडात रुळले ते १८८०च्या दशकात. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६च्या आपल्या पुस्तकात त्यांची तरफदारी केली आणि तेव्हापासून काठावर उभं राहून नेढ्यात दोरा ओवायची पाळी माणसावर आली. पुढं १९३८ साली अमेरिकेत नायलॉन जाहीर झालं, त्याच वर्षी बर्लिनमध्ये पॉल श्लाक यांनी पेर्लोन शोधलं. हा दोरा गुळगुळीत. तातीच्या काळातल्या काही गाठी त्यावर घसरायला लागल्या, म्हणून वेढे वाढले. म्हणजे आजोबांची ती पवित्र पाच वेढ्यांची निरगाठ साधारण त्यांच्याच वयाची निघाली.

आपल्याकडचाही दाखला सापडतो का ते पाहिलं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' लिहिला. ज्या ग्रंथात जुन्या मराठी गाण्याचे मासले सापडतात म्हणून आपण त्याचं नाव घेतो तोच हा. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे: गळ, काठी, दोरी आणि कोणत्या माशाला काय खायला घालावं याचं राजेशाही वर्णन. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर इंग्रजीत लेख लिहिला. आता राजा म्हटल्यावर गाठ त्यानं स्वतः मारली असेल असं आम्हाला वाटत नाही. दोन-चार सेवक असणारच. आम्हाला सेवक नाहीत, क्लिप आहे.

एवढी तयारी झाल्यावर एप्रिलच्या शेवटी आम्ही एकटेच वीझेंटवर गेलो. क्लिप घरी दिव्याखाली, भिंग लावून, दीड तास खर्चून बांधली होती. नदीवर माशी अडकवायला लागली वीस सेकंदं. वाचकहो, आम्ही ती काढली आणि परत लावली, उगाचच, सहा वेळा. शेजारून एक बदक जात होतं, त्यानं पाहिलं.

आता अनुभवाचं सांगतो, कारण मंडळातल्या तिघांनी विचारलं आहे. पाण्याखाली बुडणाऱ्या माश्यांना, अळीसारख्या किंवा पिल्लाच्या आकाराच्या मोठ्या, क्लिप उत्तम. घट्ट गाठीत माशी ताठ राहते, क्लिपमध्ये ती मोकळी डुलते, जिवंत वाटते. दोराही वाचतो. दर गाठीला सात-आठ सेंटिमीटर कापले जातात. दहा माश्या बदलल्या की पाऊण मीटर गेला, आणि हा दोरा टोकाकडे निमुळता असल्यामुळे उरतो तो जाड भाग, जो माशाला दिसतो. पण पाण्यावर तरंगणाऱ्या अगदी बारीक माशीला क्लिप नको. तारेच्या वजनानं माशी नाक खाली घालते, आणि सोळा-अठरा नंबरच्या गळाच्या नेढ्यात तार मुळात जातच नाही. माइफ्लीगेची माशी मोठी असते, दहा-बारा नंबरच्या गळावर, ती पेलते. शिवाय तार ती तारच. पुन्हा पुन्हा वाकवली की कडक होते आणि एक दिवस तुटते. पेपरक्लिप वाकवून पाहिलेल्या कुणालाही हे माहीत आहे. आम्ही एका मोसमात चार-पाच तरी बदलतो.

आणि एक गोष्ट आम्ही किंमत देऊन शिकलो. गाठ दर माशीला नवी होते. क्लिपच्या मागची गाठ मात्र तीच राहते. सकाळी दगडावर घासली, फांदीत अडकली, तरी तीच. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मुग्गेनडोर्फच्या वरच्या अंगाला एक ट्राउट लागला. मोठा होता. किती मोठा ते सांगत नाही, कारण कोणी विश्वास ठेवत नाही. दोन उड्या मारल्या आणि दोरा हलका झाला. ओढून पाहिला, तर टोक कुरतडल्यासारखं. दीड तास खर्चून बांधलेली गाठ म्हणून आम्ही ती तीन आठवडे बदललीच नव्हती. मासा गेला याचं दुःख होतं तसं होतंच. पण तो आमची माशी आणि वर तारेचा तुकडा तोंडात घेऊन गेला हे त्या रात्री झोपू देईना. इथला प्राणिसंरक्षणाचा कायदा सांगतो की सबळ कारणाशिवाय प्राण्याला इजा करायची नाही. धरायचा तो खाण्यासाठी, आणि लगेच, नीट मारायचा. काकांकडे कायदा नव्हता, पण तेही म्हणायचे, गरी तोंडात घेऊन गेलेला मासा शिव्या देतो.

झोप येईना म्हणून पहाटे बागेत आलो तर कुंपणापलीकडे नाखबार-आजोबा बाकावर. तेही जागे. एकटं माणूस, आजी जाऊन सहा वर्षं झाली. आम्ही सगळं सांगून टाकलं. हात, माळ्यावरचा डबा, क्लिप, आणि मासा. म्हटलं, आता काय गुलाब लावायला सांगायचं ते सांगा.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझा गुडघा बरा आहे."

वाचकहो, गेली तीन वर्षं त्यांनी नदीवर येणं सोडलं होतं. कारण गुडघा. आम्ही दर मोसमात बोलवायचो, ते गुडघ्यावर हात ठेवायचे. आम्हीही मालवणहून आणलेलं तेल त्यांना दोनदा नेऊन दिलं होतं. आता कळलं की गुडघ्याला काहीच नाही, डोळे गेलेत. मॅक्युला की काय म्हणतात तो पडद्याचा मधला भाग. कडेचं दिसतं, समोरचं मधोमध पुसट. "नदी दिसते," ते म्हणाले, "पलीकडच्या काठाला मासा वर आला तर तेही दिसतं, सरळ त्याच्याकडे पाहिलं नाही तर. नेढं दिसत नाही." पहिल्या वर्षी एकदा गेले होते एकटे. पाऊण तास बाकावर बसून दोरा ओवत होते. पलीकडे एक तरुण उभा होता, तो मदतीला येतो म्हणाला. हे उठून घरी आले.

"ते तेल?" आम्ही विचारलं.

"सायकलच्या साखळीला घातलं. फार छान चाललं."

त्याच सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघं बसलो. आजोबांनी क्लिप बोटावर घेतली, तिच्या मानेवरून नख फिरवलं. आम्हाला दिसतं, पण बोटांना कळत नाही. त्यांच्या बोटांना कळतं, पण दिसत नाही. संस्कृतात याला अंध-पंगु न्याय म्हणतात, आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा. क्लिपचं तोंड आम्ही उजेडात धरलं आणि "वर, थोडं डावीकडे" असं करत दोरा ओवला. पुढचे पाच वेढे त्यांनी डोळे मिटून दिले. थुंकी लावायची वेळ आली तेव्हा दोघांचीही तोंडं पुढे आली. ज्येष्ठतेचा मान म्हणून ती त्यांची. आवळून त्यांनी दोन्ही हातांनी ओढली आणि सवयीनं आमच्या तोंडाकडे बघितलं, म्हणजे जरासं बाजूला, तिथूनच त्यांना आम्ही दिसतो. सहा क्लिपा बांधल्या. त्यांनी अट घातली: नदीवर दर दोन तासांनी क्लिप कापून टाकायची आणि नवा बांधलेला तुकडा लावायचा. तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला फास, मूळ दोऱ्याला फास. फासात फास. मठातल्या साधूंसारखं, असं आम्ही म्हणालो, तर म्हणाले, कोण साधू? इतिहास ऐकवला. "म्हणजे मी तुला तीस वर्षं नवीन फॅशन शिकवली," एवढंच म्हणाले.

जूनच्या पहिल्या शनिवारी त्यांच्यासाठी दिवसाचं कार्ड काढलं. परवाना त्यांच्याकडे जन्मभराचा आहे. काठावर हात धरून उतरवलं. गुडघा खरोखरच उत्तम आहे, आमच्यापेक्षा भक्कम. सहाच्या सुमाराला माइफ्लीगे निघाल्या, आधी तुरळक, मग सगळ्या नदीवर. आजोबांनी खिशातून माशीचा डबा काढला, नखानं पिसं चाचपून हवी ती शोधली आणि क्लिपमध्ये अडकवली. खट्‌ असा बारीक आवाज येतो, तो ऐकला. मग काढली, परत लावली. आम्ही मुद्दाम दुसरीकडे पाहत होतो.

त्यांना दोन मिळाले. आम्हाला शून्य. पहिला सव्वीस सेंटिमीटरच्या कायदेशीर मापापेक्षा थोडा कमी भरला, तो पाण्यातच सोडवून दिला. दुसरा घरी आला. आजोबांच्या मते तो पिठात घोळवून लोण्यात तळायचा असतो, सौ.च्या मते रव्यात, आधी हळद-तिखट-आगळ लावून. अर्धा-अर्धा केला. आजोबांनी दोन्ही खाल्ले आणि कोणता चांगला ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. जाताना दारात मात्र कुरकुरले, की क्लिपमुळे माशी डाव्या बाजूला कलते, ही काही खरी मासेमारी नव्हे, आणि तुझ्याकडच्या त्या पुडीत अजून किती उरल्यात?

आता थोडं मंडळाचं. मुलांच्या गाठी शिकायच्या वर्गाबद्दल विचारणा झाली आहे. तो या वर्षीही सप्टेंबरातल्या सहलीत होईल, दोरा जाड आणून, गळाशिवाय. आजोबा येणार आहेत. लहान मुलांनी त्यांच्या समोर नव्हे, बाजूला बसावं. कोणाकडे वापरून झालेलं जुनं भिंग असेल तर आमच्याकडे पाठवावं. आणि भारतातून येणाऱ्या कोणी तिरफळं आणणार असेल तर कृपया आधी कळवावं, कारण पुढच्या अंकात आम्ही ट्राउटचं तिरफळ घातलेलं कालवण लिहिणार आहोत आणि सौ. म्हणतात की करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही. कढीपत्त्याचं झालं तेवढं पुरे.